निराधारचा पगार

आमच्या भागात संजय गांधी निराधारच्या पैशाला अनुदान कुणी म्हणत नाही, पगार म्हणतात. 'पगार पडला का?', 'दोन महिने झाले पगार बंद हाय', 'भाऊ, माझ्या पगाराचं बघा ना.' आणि शेतात नाहीतर कंपनीत दिवसभर राबून जे मिळतं, ते मात्र 'रोज' किंवा 'हजेरी'. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तहसीलसमोर माझं सेतू केंद्र आहे. अकरा वर्षं झाली. सुरुवातीला या उलट्यापालट्या शब्दांचं मला हसू यायचं.

२०२५ चा मे महिना. बारावीचा निकाल लागलेला, दहावीचाही लागलेला, म्हणजे आमचा सुगीचा काळ. उत्पन्नाचा दाखला, जातीचा, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाइल. त्यात लाइट गेलेली आणि इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालू. दुपारी अडीचच्या सुमारास एक बाई सहा वर्षांच्या पोराला घेऊन आल्या आणि बाकावर टोकाला बसून राहिल्या. दोनदा हाक मारली तरी 'तुमचं होऊ द्या' म्हणाल्या. गर्दी पांगली तेव्हा टेबलाशी आल्या.

"दादा, फॉर्म न्हाई भरायचा. एक इचारायचं व्हतं."

मी त्यांना ओळखत होतो. चार-पाच वर्षांपूर्वी नवरा पुण्याकडे कामाला म्हणून गेला तो गेलाच. मेल्याची खबर नाही, असल्याचीही नाही. कागदावर त्या परित्यक्ता. त्यांचं निराधारचं प्रकरण २०२२ मध्ये मीच केलं होतं. तलाठ्याचा पंचनामा, पोलीस पाटलाचा दाखला, पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा, आणि समितीची बैठक लागेपर्यंत वाट बघणं. आठ महिने लागले होते. तेव्हा महिन्याला १,००० मिळायचे, जुलै २०२३ पासून १,५०० झाले.

त्यांनी आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळत होतं. गावातली एक जण आधीच जात होती, तिची पगाराची स्लिप नमुना म्हणून आणली होती. रोज ४००, २६ हजेऱ्या, १०,४०० रुपये. त्यातून पीएफ १,२४८ आणि ईएसआयसी ७८ वजा. हातात ९,०७४.

"हे काम धरलं तर माजा पगार बंद पडंल का?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. मी मात्र उगाच माऊस हलवला, स्क्रीनकडे बघितलं. मग सांगितलं की निराधारसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं.

"वर्षाला?"

"वर्षाला."

त्यांनी क्षणभर बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजी महिन्याला साडेसतराशे. दिवसाला साठ रुपय बी न्हाई पडत."

अकरा वर्षांत हा आकडा मी किती वेळा टाइप केला असेल, त्याला बारानं कधी भागला नव्हता. खरं तर २१,००० मी टाइप करतच नाही. २०,००० करतो, कधी १८,०००. तालुक्यातल्या निराधार बायांची उत्पन्नं काढून बघा, सगळ्या कशा एका मापाच्या निघतील. मी विचारतो, "उत्पन्न किती लावू?" आणि त्या म्हणतात, "तुमी लावा तुमच्या हिशेबानं." हे तलाठ्यालाही माहीत, तहसीललाही माहीत. जगायला लागतं तेवढं खरं उत्पन्न लिहिलं तर त्या यादीत एकही बाई उरायची नाही.

बाकावर पलीकडे एक अण्णा बसले होते. बारा एकरवाले, नातीच्या दाखल्यासाठी आलेले. त्यांनी तोंड घातलंच. "सरकार बसल्या जागी पैसे वाटायलंय म्हून बाया कामाला मिळंनात. मागं कापसाला माणूस न्हवतं मला."

मी काही बोललो नाही, गिऱ्हाईक आहे. पण खरं सांगायचं तर हेच वाक्य मीही चहाच्या टपरीवर बोललेलो आहे.

बाईंनी अण्णांकडे वळून अगदी सरळ आवाजात विचारलं, "अण्णा, खुरपायला किती देता?"

"तीनशे देतो की."

"वर्षातले किती दिस?"

अण्णांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्यानंतर ते दाखला मिळेपर्यंत मोबाइलमध्ये बघत होते.

मग आम्ही झेरॉक्स बिघडलेल्या एका कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. म्हणजे त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. हातात ९,०७४. गावातून हायवेपर्यंत रिक्षा आणि पुढे एसटीचं अर्धं तिकीट, जाऊन-येऊन ६० रुपये, २६ दिवसांचे १,५६०. सकाळी सातला निघायचं, संध्याकाळी सहाला घरी. पोरगं भावजयीकडे राहणार. भाऊ म्हणतो राहू दे, पण "भावजय फुकट कामून सांभाळंल?" तिचे १,०००. राहिले ६,५१४. आता काय मिळतं? खुरपणी, वेचणी, सोंगणी धरून वर्षभराचा मेळ घातला तर महिन्याला तीनेक हजार, वर निराधारचे १,५००. साडेचार हजार. म्हणजे कंपनीत गेल्यावर वरचे मिळणार २,०१४ रुपये.

मी म्हणालो, "दोन हजार तर दोन हजार. काम पक्कं असेल तर धरा."

"पक्कं कुठलं? बियाचं काम हाय. पेरण्या झाल्या की बंद. दोन महिने, लई तर अडीच."

मग त्यांनी पेन मागून घेतला आणि माझ्या आकड्यांखाली स्वतः लिहिलं. दोन महिन्यांचे वरचे ४,०२८. त्याच्या शेजारी: आठ महिने, १,५०० नं, १२,०००. कारण पगार एकदा बंद पडला तर पुन्हा प्रकरण, पुन्हा पंचनामा, पुन्हा बैठक. मागच्या वेळी आठ महिने लागले होते ते त्या विसरल्या नव्हत्या. शाळा चौथीपर्यंत. आकडे मोठे मोठे आणि जरा तिरपे, पण गणित बिनचूक.

"काम जातं एका फोनात," त्या म्हणाल्या. "नाव लागाया वरीस जातं."

मला चेव आला म्हणा किंवा लाज वाटली म्हणा, मीही कॅल्क्युलेटर काढला. रोजगार हमीची मजुरी त्या वर्षी आपल्या राज्यात ३१२ रुपये होती. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ मध्ये केला, देशाचा कायदा त्यानंतर २००५ साली आला. त्या कायद्यात तेव्हा कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी होती. ३१२ गुणिले १०० म्हणजे ३१,२००. सरकारनं स्वतः हमी दिलेलं काम पूर्ण केलं तरी ही बाई निराधार राहत नाही. मी मागे मागे येत मोजलं. ६७ दिवस भरले तर २०,९०४, चालतं. ६८ वा दिवस भरला की २१,२१६. अडुसष्टाव्या दिवशी संध्याकाळी तिला आधार मिळाला म्हणायचं.

आणि त्या स्लिपवरचे ईएसआयसीचे ७८ रुपये. कमी पगाराच्या कामगारांना दवाखाना मिळावा म्हणून ती योजना आहे, आणि कमी पगार म्हणजे किती, तर २१,००० पर्यंत. तोच आकडा. फक्त तो महिन्याचा आहे आणि हा वर्षाचा. २०१७ पासून त्या मर्यादेत बसणाऱ्या कामगारांचे फॉर्म मी भरतोय आणि त्याच टेबलावर निराधारचेही. दोन्ही एकवीस हजार कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते.

आता जे सांगायचं ते मला सांगायला जड जातं.

हिशेब बघता बघता त्या म्हणाल्या, "लाडक्या बहिणीला बी पंधराशेच हाय ना? त्याला किती लागतं उत्पन्न?"

अडीच लाख. पैसे तेवढेच, १,५००, पण त्या योजनेत कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत चालतं. म्हणजे त्या लाडक्या बहिणीच्या यादीत असत्या तर कंपनीत खुशाल गेल्या असत्या. स्लिप घ्या, पीएफ कापा, ईएसआयसीचं कार्ड काढा, कुणी विचारणार नाही. पण ज्यांना दुसऱ्या योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळतात त्यांना ती लागू नाही, आणि नवीन फॉर्म ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झालेले.

"तवा तुमीच म्हणले व्हते," त्या म्हणाल्या. "निराधार चालू हाय तर भरू नका, दोन्ही बंद पडतील."

मी म्हणालो होतो. जुलै २०२४, केंद्राबाहेर रांग रस्त्यापर्यंत गेलेली, ॲप घडीघडीला बंद पडत होतं. त्या रांगेतून पुढे आल्या, मी यादीत निराधार बघितलं आणि 'पुढचं कोण' म्हणालो. नियमानं बरोबरच सांगितलं होतं. निराधार सोडून त्यात जायचं का, असं विचारायला अर्धा मिनिट लागला असता. तेवढं मला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी त्या गर्दीत मी थांबलो असतो असं वाटत नाही. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. नुसतं आठवण करून दिल्यासारखं बोलल्या. राग असता तर बरं झालं असतं.

पोरानं एवढ्यात स्टेपलर हाती घेऊन रद्दीच्या कागदाला कडेनं पिनांची माळ लावली होती. पिना संपल्यावर त्यानं तो उघडा स्टेपलर माझ्यासमोर धरला. मी नवी पट्टी घालून दिली.

त्यांच्या फोनवर मुकादमाचा कॉल आला. त्यांनी स्पीकर लावला, बहुतेक मलाही ऐकू यावं म्हणून. उद्या येणार का नाही? त्यांनी विचारलं, "स्लिप न्हाई घेतली तर चालंल का? नुसतं रोजानं?"

पलीकडचा माणूस एवढा पटकन हो म्हणाला की मला कळलं, असं विचारणारी ही पहिली बाई नव्हे. उलट म्हणाला, तुझाच फायदा, कटिंग नाही, चारशेचे चारशे हातात. स्वतःच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआयसी वाचणार हे काही तो बोलला नाही.

फोन ठेवल्यावर मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. पीएफमध्ये तुमचे कापतात तेवढेच कंपनीकडून पडतात. ईएसआयसीत तुमचा आणि पोराचा दवाखाना होतो. मशीनमध्ये बोट गेलं तर स्लिपवाल्याला काहीतरी मिळतं, बिनस्लिपवाल्याला काही नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"दादा, दोन महिन्यात बोट जाईल का?"

काय सांगणार? बहुतेक नाही जाणार.

मग त्यांनी फॉर्म न भरायला आलेल्या असूनही एक फॉर्म भरायला सांगितला. निराधारला उत्पन्नाचा नवा दाखला जोडायचाच होता, आम्ही तो एप्रिल ते जूनमध्ये जोडून घेतो. "दाखला मागच्या वर्साचाच निघतो ना? मंग आजच काढा. उद्या मी कामाला चाललेय."

मी अर्ज उघडला. उत्पन्नाच्या रकान्यात आलो. कागदाच्या पाठीवर आमच्याच अक्षरात महिन्याला तीन हजार लिहिलेलं होतं, म्हणजे वर्षाचे ३६,०००. मी २०,००० टाकलं. स्वयंघोषणापत्राची प्रिंट निघाली. वर दिलेली माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. नेहमी मी नुसतं 'इथं सही' म्हणतो. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "काय लिवलंय यात?"

मी वाचून दाखवलं, पूर्ण.

त्यांनी सही केली. मग हिशेबाचा कागद माझ्याकडून घेतला, फाडला नाही, चार घड्या घालून त्याच पाकिटात स्लिपला लागून ठेवला. जाताना मी एकल पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० मिळतात, पोराची कागदपत्रं घेऊन या, म्हणून सांगितलं. "तो पगार का?" असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

जूनच्या मध्यावर पाऊस पडून गेल्यावर एका संध्याकाळी त्या पैसे काढायला आल्या. निराधारचे पैसे खात्यात पडले होते, आमच्याकडे अंगठा लावून निघतात. त्यांनी अंगठा ठेवला, मशीननं घेतला नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. तेव्हा माझं लक्ष गेलं. बियाण्याला लावतात त्या औषधाचा गुलाबी रंग तळव्यांवर, नखांत, मनगटाच्या घडीत बसलेला. दाराशी रांजणावर जाऊन त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. तरी रंग होताच. तिसऱ्या वेळी अंगठा घेतला. मी १,५०० मोजून दिले, त्यांनी पुन्हा मोजले, पोराला एक चॉकलेट घेतलं आणि गेल्या.

मागचा माणूस अंगठा पुढे करून उभा होता. स्कॅनरच्या काचेवर गुलाबी ठसा राहिलेला. फडक्यानं पुसावा लागला, तेव्हा पुढचा नंबर घेता आला.