आमची वाटचाल : दोन सुतांचा फरक

2004 साली पुण्यात हडपसरला मी आणि माझ्या चुलतभावाने लेबर कॉन्ट्रॅक्ट घ्यायला सुरुवात केली. वीटकाम, गिलावा, फरशी. पहिली नऊ वर्षं बरी गेली, त्यांचं काय सांगायचं.

गुलबर्ग्याकडच्या तांड्यावरची एक मावशी आमच्याकडे बिगारी होती. आठ वर्षं तिने घमेली वाहिली आणि वाहता वाहता गवंड्यांचा हात बघून घेतला. गवंडी जेवायला बसले की उरलेला सिमेंटचा माल घेऊन मागच्या भिंतीवर गिलाव्याचा रंधा फिरवून बघायची. 2013 मध्ये मी तिला थापी दिली. माझ्या वडिलांची, बाभळीच्या मुठीची, टोक झिजून गोल झालेली. (शिकणाऱ्याने नवी थापी घेऊ नये. हाताला बसत नाही.)

दरही गवंड्याचाच दिला, 500 रुपये. बिगारणीला तेव्हा 250 मिळायचे. गवंडी चिडले ते तिच्या थापीवर नाही, त्या पाचशेवर. समान वेतनाचा कायदा 1976 पासून आहे म्हटलं, तर भाऊ हसला, "कायदा येऊन भिंत बांधणारे का?" शनिवारी पगार घेतला आणि सोमवारी सात गवंडी भावाबरोबर गेले. मिक्सर गेला, सेंट्रिंगच्या प्लेटा गेल्या. सिमेंटच्या दुकानातली उधारी तेवढी माझ्या नावावर राहिली. बिल्डरने रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले पैसे, अडवलं, ते आजतागायत आलेलं नाही. वर भाऊ साइटसाइटवर सांगत सुटला, "याच्या भिंती बायका बांधतात, ओळंब्यात नसतात." म्हणजे सरळ उभ्या नसतात. दोन महिने फोन वाजला नाही. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

तारलं ते एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी. त्यांचा फुरसुंगीचा बंगला अर्धा झाला होता. तळमजला जुन्या गवंड्यांचा, वरचा मावशीचा. मास्तरांनी स्वतः दोन्हीकडे ओळंबा सोडला, चष्मा पुसला, पुन्हा सोडला. "दोन सूत फरक आहे." म्हणजे पाव इंच. माझ्या पोटात गोळा आला. "खालच्या भिंतीत." पुढे मुलीचं घर, मेहुण्याचा गाळा, सगळं त्यांनी आम्हालाच दिलं. चहा मात्र अजून बिनसाखरेचाच देतात.

आज चौदा बायका आहेत, नऊ फरशीवर. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात पाळणाघराची सक्ती पन्नासहून जास्त बायका असतील तरच होती, म्हणजे चौदावाल्याला कोणी विचारत नव्हतं. तरी प्रत्येक साइटवर पत्र्याची खोली आणि पगारी आजी ठेवतो. बिल्डर म्हणतात, जागा अडते. अहो, पोर खडीच्या ढिगावर खेळत असलं की आईचं लक्ष लाइनदोरीवर राहील का? तिरकी गेलेली टाइल फोडायचा खर्च तुम्ही देणार?

आणि नव्या ठेकेदारांनो, हजेरीच्या वहीत नवऱ्याच्या नावापुढे नुसतं 'जोडी' लिहू नका. बाईचं नाव वेगळ्या ओळीत घ्या. बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळात नोंद करायची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वहीत नावच नसेल तर दाखला कशावरून द्याल?

गेल्या दिवाळीआधी भावाचा मुकादम आला. मोठ्या सोसायटीत बाथरूमच्या टाइलचं काम अडलंय, तीन बायका पाठवा, दर काय तो सांगा, म्हणाला. मावशी तिथेच टाइलच्या फटींत ग्राउट भरत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी मिक्सर आणून द्या म्हणावं."