खिडकीवरही बंदी घालायची का?

वैचारिक निबंधाच्या कच्च्या मसुद्यांची वर्गात अदलाबदल करून मुलांनी एकमेकांचे लेखन तपासायचे, हा उपक्रम मी बरीच वर्षे घेत आले आहे. त्यातली पहिली दोन-तीन वर्षे तो जवळजवळ वाया गेला, हे आता मान्य करायला हरकत नाही. त्या काळात मी प्रत्येक जोडीला बारा प्रश्नांचा एक तक्ता देत असे. मुद्दा स्पष्ट आहे का, पुरावा दिला आहे का, विरुद्ध बाजूची दखल घेतली आहे का, अशा धर्तीचे ते प्रश्न होते. मुले दहा मिनिटांत बाराही ठिकाणी बरोबरची खूण करून तक्ता परत आणून देत आणि पक्क्या मसुद्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्यांपलीकडे काहीही बदललेले नसे. दोष मुलांचा नव्हता. ज्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळे होता येते, तो मित्राच्या वहीबद्दल विचारला, तर उत्तर ‘हो’ असेच येणार.

शुद्धलेखनाच्या चुका हेरणे सोपे असते आणि त्यात कोणी दुखावतही नाही, म्हणून तपासणारा तिकडेच वळतो. लिहिणाऱ्याचीही तीच गत असते. लेखन-अध्यापनाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये विद्यार्थी आणि अनुभवी लेखक पुनर्लेखन कसे करतात याची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा विद्यार्थी प्रामुख्याने शब्द बदलत बसतात आणि अनुभवी लेखक मात्र आपल्या युक्तिवादाला आकार शोधत असतात, असेच त्यांना दिसले होते.

माझ्या वर्गात हे चित्र बदलले ते एका मुलाच्या वहीमुळे. त्याने लिहिले होते, ‘मोबाइलमुळे विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होते, म्हणून शाळेत मोबाइलवर पूर्ण बंदी असावी.’ तक्त्याप्रमाणे पाहिले तर यात मुद्दा होता, कारण होते आणि पुढे दोन उदाहरणेही होती. त्याच्या शेजारच्या मुलीने मात्र तक्ता बाजूला ठेवून समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले: ‘माझे लक्ष खिडकीमुळेही जाते. मग खिडकीवरही बंदी घालायची का?’ तो आधी चिडला, मग हसला आणि बराच वेळ काही न लिहिता बसून राहिला.

त्या प्रश्नाने नेमके काय केले, हे मला न्यायशास्त्राच्या, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या, परिभाषेत सांगणे सोयीचे वाटते. डोंगरावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे विधान, आणि तिथे धूर दिसतो हा हेतू, म्हणजे त्याचे कारण. परंतु जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही व्याप्ती, म्हणजे दोहोंना जोडणारा नियम, मान्य असल्याशिवाय तो हेतू प्रतिज्ञेपर्यंत पोहोचत नाही. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यातही दावा आणि पुरावा यांना जोडणाऱ्या अशाच एका दुव्याला स्वतंत्र जागा दिली आहे. मुलांच्या निबंधात हा दुवा बहुधा लिहिलेलाच नसतो, कारण लिहिणाऱ्याला तो इतका उघड वाटतो की तो आपण गृहीत धरला आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. ‘जे जे लक्ष विचलित करते, त्या सर्वांवर बंदी घालावी’ हे वाक्य त्या मुलाने कागदावर उतरवले असते, तर त्याने ते स्वतःच खोडले असते. ते त्याला दिसावे म्हणून दुसरा वाचक लागला.

तेव्हापासून तक्ता गेला. आता तपासणाऱ्याने पहिल्या वाचनात पेन हातात धरायचे नाही. वाचून झाल्यावर वही मिटायची आणि लेखकाचे म्हणणे आपल्या शब्दांत एका वाक्यात लिहून त्याला दाखवायचे. ‘मला असे म्हणायचेच नव्हते,’ असा उद्गार निघाला, तर त्या दिवसाचे निम्मे काम झाले, असे मी समजते. दुसऱ्या वाचनात जिथे पटेनासे झाले त्या ओळीवर खूण करून एक प्रश्न लिहायचा. सूचना नाही, दुरुस्ती नाही आणि ‘छान’ तर मुळीच नाही. या वेळात लेखकाने गप्प राहायचे, कारण तोंडी दिलेले स्पष्टीकरण मसुद्यात कधीच उतरत नाही. शुद्धलेखन शेवटच्या दिवशी, वेगळ्या तासाला.

याचा एक उपद्रवही आहे. प्रश्न विचारायची गोडी लागली की दोन-तीन आठवडे सगळा वर्ग वितंडवादी होतो. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची तेवढी पाडण्यात सर्वांना मौज वाटते. मी फारशी अडवत नाही. फक्त एक अट घालते: ज्या मताला आक्षेप घ्यायचा, त्याच्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण आधी स्वतः लिहायचे. पूर्वपक्ष नीट मांडता आला नाही, तर खंडनाचा अधिकार नाही. या अटीने निम्मे आक्षेप आपोआप गळतात आणि उरलेले धारदार होतात. असे आक्षेप घेणाऱ्या मुलांचे स्वतःचे पुढचे निबंधही सुधारलेले दिसतात. माझ्या अनुभवात तर लेखकापेक्षा तपासणाऱ्याचा फायदा अधिक होतो.

मोबाइलवाल्या मुलाने पुढच्या मसुद्यात ‘पूर्ण बंदी’ काढून ‘तास चालू असताना मोबाइल बंद करून दप्तरात ठेवावा’ असे केले आणि खिडकी व मोबाइल यांतला फरक सांगणारा एक परिच्छेद घातला: खिडकीबाहेर पाहणाऱ्याला खिडकी पुन्हा हाक मारत नाही, मोबाइल मारतो. त्या मुलीने तिथेही विचारले, ‘मग सूचनांचा आवाज बंद केला तर?’ या वेळी त्याने मसुदा बदलला नाही. समासात तिच्या प्रश्नाखाली लिहिले, ‘आवाज बंद केला तरी काही आले असेल का, हे पाहावेसे वाटतेच. म्हणून माझे मत कायम.’