घरातल्या आवाजात ट्यूब अ‍ॅम्प: हवा तो टोन कसा मिळाला

माझा अ‍ॅम्प ५० वॅटचा, इलेक्ट्रिक गिटारसाठीचा. ट्यूबचा, म्हणजे आवाज वाढवायला आत काचेच्या निर्वात नळ्या असलेला. स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर विभागात दोन ईएल३४ ट्यूब, त्याआधी सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पमध्ये १२एएक्स७, आणि खाली बारा इंची स्पीकरचं एकच कॅबिनेट. मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचा नॉब) निम्म्याच्या वर गेला की हा अ‍ॅम्प खरा बोलू लागतो. हलक्या हाताने छेडलं तर स्वच्छ, पिक जोरात मारली तर खरखरीत कडा असलेला, आणि धरून ठेवलेली नोट लवकर विझत नाही. पण त्या आवाजात घरी वाजवणं अशक्य, कारण भिंतीपलीकडे माणसं राहतात. मास्टर खाली आणला की हाच अ‍ॅम्प पातळ आणि कोरडा वाटू लागतो, तारेखाली जीव नसल्यासारखा. हा जीव नेमका कुठे जातो ते शोधत, एकेक गोष्ट बदलत मी रोज वाजवावासा वाटेल असा टोन घरच्या आवाजात मिळवला. तो कसा मिळाला ते इथे लिहितोय, कारण माझ्यासारखा मोठा अ‍ॅम्प घेऊन छोट्या खोलीत बसलेले बरेच जण असतील.

सुरुवात आकड्यांपासून केली. माझ्या स्पीकरची क्षमता १०० डेसिबल आहे, म्हणजे त्याला १ वॅट दिला की एक मीटरवर १०० डेसिबल आवाज निघतो. वॅट दुप्पट झाले की ३ डेसिबल वाढतात, दहापट झाले की १०. या हिशेबाने ५० वॅटला साधारण ११७ डेसिबल. घरात कुणाचीही कुरकुर न होता किती चालतं ते फोनवरच्या अ‍ॅपने मोजलं. अशी अ‍ॅप काटेकोर नसतात, पण तुलनेला पुरतात. माझी मर्यादा ८० डेसिबलच्या आसपास निघाली. स्पीकरला त्यासाठी लागतो वॅटचा फक्त शंभरावा भाग!

हा आकडा समोर आला आणि बऱ्याच सल्ल्यांचा निकाल तिथेच लागला. अ‍ॅम्पच्या मागे ५० चे २५ वॅट करणारा स्विच आहे. त्याने कमी होतात ३ डेसिबल, कानाला जेमतेम कळतील एवढेच. ‘पाच वॅटचा छोटा अ‍ॅम्प घे’ हा सल्ला तर प्रत्येकाने दिला. एका ६व्ही६ ट्यूबवर चालणारे पाच वॅटचे अ‍ॅम्प मला मनापासून आवडतात, पण याच स्पीकरवर तेही १०७ डेसिबलपर्यंत जातात. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. निम्माच. एक वॅटचा अ‍ॅम्पसुद्धा पूर्ण उघडला तर बंद खोलीत बसवत नाही.

कमी आवाजात टोन तीन ठिकाणी हरवतो: अ‍ॅम्पच्या सर्किटमध्ये, स्पीकरमध्ये आणि आपल्या कानात. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. हे वेगळे केले नाहीत तर माणूस एकाच उपायाकडून तिन्ही कामांची अपेक्षा करतो, आणि निराश होतो.

सर्किटमधली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आधी सांगतो, कारण तिला काहीच विकत घ्यावं लागत नाही. गेनच्या, म्हणजे प्रीअ‍ॅम्प किती ताणायचा ते ठरवणाऱ्या नॉबशेजारी बऱ्याचदा ‘ब्राइट’ असा छोटा स्विच असतो. काही अ‍ॅम्पवर स्विच नसतो, पण आत तो भाग असू शकतो. या गेनच्या पॉटवर, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरवर, एक लहान कपॅसिटर आडवा जोडलेला असतो आणि त्यातून फक्त वरच्या पट्टीचा आवाज पळवाट काढतो. नॉब पूर्ण उघडा असेल तर सगळाच सिग्नल पुढे जातो, त्यामुळे कपॅसिटरचा परिणाम शून्य. नॉब जितका खाली, तितकी ही पळवाट ठळक: बाकी सगळं दबतं आणि ट्रेबल मात्र तसाच निसटतो. म्हणजे बरोबर आपल्याला नको तिथेच त्याचा जोर सगळ्यात जास्त. मी गेन तीनवर ठेवून एकच ई मेजर कॉर्ड वाजवत स्विच चालू-बंद करून ऐकलं. चालू असताना वरच्या दोन तारा कानात टोचत होत्या आणि खालच्या तारा जणू दुसऱ्या खोलीत होत्या. बंद केला आणि कॉर्ड एकसंध झाली. गेन पूर्ण उघडला की हाच स्विच मला जाणवतही नाही. कमी आवाजात अ‍ॅम्प कर्कश वाटत असेल तर बाकी काहीही करण्याआधी हे तपासावं.

दुसरा त्रास मास्टरच्या नॉबचा. शून्यावरून जराशी बोटं हलवली की आवाज एकदम उसळायचा, मधलं काही हातीच लागत नव्हतं. माझ्या अ‍ॅम्पमध्ये इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्पनंतर बाहेरची पेडलं जोडायची जागा) मास्टरच्या आधी येतो, म्हणून लूपमध्ये साधी व्हॉल्यूमची डबी जोडली: आत एक पॉट, बाकी काही नाही. तिने पातळी खाली आणली की मास्टर तीन-चारवर आरामात फिरवता येतो. टोन यातून सुधारत नाही, पण ताबा येतो, आणि पुढचं सगळं जुळवताना ताबा फार लागतो.

एवढं करूनही पॉवर ट्यूबचा दाब नव्हता. प्रीअ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन आणि पॉवर विभागाचं डिस्टॉर्शन यांची जात वेगळी. पहिलं बारीक दाण्याचं, थोडं भुणभुणणारं. दुसऱ्यात फेज इन्व्हर्टर (दोन्ही पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणारा भाग), ईएल३४ आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर सगळे मिळून नोटेला आतून दाबतात, आणि तो दाब बोटांना कळतो. तो हवा तर पॉवर विभागाकडून काम करून घ्यायलाच हवं, आणि निघालेली ताकद स्पीकरपर्यंत पोचण्याआधी जिरवायला हवी.

हे काम करतो अ‍ॅटेन्युएटर. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसतो आणि बहुतेक ताकद उष्णतेत घालवतो. कल्पना जुनी आहे: बोस्टन बँडचा टॉम शोल्झ, जो शिकून इंजिनिअर झाला होता, त्याने १९८० च्या सुमारास ‘पॉवर सोक’ नावाने असं यंत्र बाजारात आणलं. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने वेगळी वाट धरली होती. व्हॅरिअ‍ॅक नावाचा, वीजदाब बदलता येणारा ट्रान्सफॉर्मर लावून तो अ‍ॅम्पला येणारा मुख्य वीजदाबच कमी करायचा. तो मार्ग मी धरला नाही आणि कुणाला सुचवणारही नाही; त्यात ट्यूब तापवणाऱ्या हीटरचा ६.३ व्होल्टचा पुरवठाही सोबत खाली येतो. आजकालची पॉवर स्केलिंगची सर्किट हीटरला हात न लावता फक्त ट्यूबचा वरचा वीजदाब उतरवतात, पण त्यासाठी अ‍ॅम्प उघडावा लागतो. आत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. ते काम जाणकार तंत्रज्ञाचंच.

अ‍ॅटेन्युएटरचे दोन प्रकार मी ऐकून पाहिले. साधा, म्हणजे नुसत्या रेझिस्टरचा. आणि रिअ‍ॅक्टिव्ह, ज्यात कॉइल आणि कपॅसिटरही असतात. फरक का पडतो ते समजून घेण्यासारखं आहे. आठ ओमचा (ओम हे विजेच्या अवरोधाचं माप) स्पीकर सगळ्या पट्ट्यांत आठ ओमचा नसतो. साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास, जिथे त्याचा कोन (हलणारा पडदा) स्वतःहून थरथरतो, तिथे त्याचा अवरोध कित्येक पटींनी चढतो. वरच्या पट्टीतही तो हळूहळू वाढत जातो. ट्यूब अ‍ॅम्प या चढउताराला प्रतिसाद देतो, आणि त्यातूनच खालचा धक्का आणि वरची चमक येते. रेझिस्टर मात्र सगळीकडे सारखा. थोडंसं, सहा-आठ डेसिबल, उतरवायचं असेल तर साधा प्रकार उत्तम चालला. वीसच्या पुढे गेलो की टोनवर पांघरूण पडायचं. रिअ‍ॅक्टिव्हमध्ये तो धक्का टिकून राहिला, पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवणं) करताना तर लगेच कळलं. मी तोच ठेवला.

जोडताना काही गोष्टींत तडजोड नको. ओम जुळलेच पाहिजेत. अ‍ॅम्प आणि लोड (ताकद झेलणारा स्पीकर किंवा अ‍ॅटेन्युएटर) यांच्यामध्ये स्पीकरचीच केबल हवी, गिटारची बारीक केबल नाही. अ‍ॅटेन्युएटर अ‍ॅम्पच्या छापील वॅटपेक्षा मोठा घ्यावा, कारण पूर्ण उघडलेला ५० वॅटचा अ‍ॅम्प विकृत सिग्नल देताना ५० च्या बराच वर जातो. आणि लोड न लावता ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अ‍ॅम्प असा ताणला की ट्यूबही लवकर झिजतात, ही किंमत मी समजून मोजतो. म्हणून मास्टर पूर्ण उघडत नाही, पाचवर ठेवतो. माझ्या कानाला दाब तिथेच भरतो, त्यापुढे नुसता चिखल वाढतो.

आता सर्किट बरोबर होतं, पण ३० डेसिबलच्या वर उतरवल्यावर टोन पुन्हा बसल्यासारखा वाटायचा. इथे दोष अ‍ॅटेन्युएटरचा नव्हता. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज कमी झाला की आपल्या कानाला खालची पट्टी फार कमी ऐकू येते, अगदी वरचीही थोडी कमी, आणि मधलीच तेवढी उरते. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, म्हणजे नेमकी कान जिथे हात आखडता घेतो तिथे. अ‍ॅम्प तोच टोन देत असला तरी ८० डेसिबलला तो वेगळाच ऐकू येणार. जगातला सर्वोत्तम अ‍ॅटेन्युएटरही हे बदलू शकत नाही.

म्हणून मोठ्या आवाजाची सेटिंग जशीच्या तशी लहान करण्याचा नाद सोडला आणि ८० डेसिबललाच सगळे नॉब नव्याने लावले. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोठा फरक इथेच पडला. लूपमध्ये ईक्यू पेडल (वेगवेगळ्या पट्ट्या वर-खाली करणारं) ठेवलं: १०० हर्ट्झला चार डेसिबल वर, ८०० च्या आसपास दोन खाली, वरच्या टोकाला जरासा उठाव. प्रेझेन्स, म्हणजे वरच्या पट्टीच्या उठावाचा नॉब, पॉवर विभागात काम करतो, त्यामुळे अ‍ॅटेन्युएटर लावल्यावरही त्याचा उपयोग राहतो. तो थोडा वाढवला. गेन उलट कमी केला. कमी आवाजात वाजवताना हात आपोआप गेनकडे जातो, कारण सस्टेन (नोटेचं टिकणं) कमी वाटतो, पण त्याने नोटेची धार बोथट होते. त्याऐवजी अ‍ॅम्पच्या आधी एक ओव्हरड्राइव्ह पेडल, ड्राइव्ह जवळपास शून्य आणि लेव्हल वर, एवढं पुरेसं झालं. लूपमध्ये शेवटी चमचाभर रिव्हर्ब. मोठ्या आवाजात खोली स्वतः गुंजते, लहान आवाजात ती गप्प बसते, ती उणीव रिव्हर्ब भरतो.

स्पीकरचं काय? त्याचा कोनही जोरात हलला की आवाजाला थोडा दाबतो आणि खरवडतो, आणि वॅटच्या शंभराव्या भागात हे होणं शक्य नाही. कमी डेसिबल क्षमतेचा स्पीकर लावला की थोडी मदत होते. मी तो बदलला नाही. फक्त कॅबिनेटची जागा बदलली: जमिनीवरून उचलून स्टुलावर, थोडं तिरकं, तोंड माझ्या कानाकडे. बारा इंची स्पीकर ट्रेबल झोतासारखा समोर फेकतो. कॅबिनेट पायाशी असेल तर तो झोत गुडघ्यांना लागतो, कानाला फक्त बाजूचा बोदा आवाज येतो, आणि आपण ट्रेबल वाढवत बसतो. कॅबिनेट कानाजवळ आलं तर कमी आवाजही पुरतो. मी आता दीड मीटरवर बसतो.

एक अडचण आहे ती कुठेच फारशी वाचली नव्हती: इतक्या कमी आवाजात गिटारच्या तारांचा स्वतःचा, विजेशिवायचा टणटण आवाज ऐकू येतो आणि स्पीकरच्या आवाजात मिसळतो. पिकचा टक्क तर फारच. पातळ पिक टाकून जाड, गोल टोकाची घेतली, तेव्हा तो बराच उतरला. ७० डेसिबलच्या खाली मात्र तारा जिंकतात. त्यामुळे रात्री स्पीकर बंद. अ‍ॅटेन्युएटरमध्येच लोड बॉक्सची, म्हणजे स्पीकरशिवाय सगळी ताकद झेलण्याची सोय आहे. तिथून लाइन आउट घेऊन कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकर आणि माइकच्या आवाजाची डिजिटल नोंद) लावतो आणि हेडफोनवर वाजवतो. प्रतिसाद तोच मिळतो, कारण अ‍ॅम्प तोच दाब झेलत असतो. इम्पल्स रिस्पॉन्स निवडताना स्पीकरच्या मध्यापासून थोडा कडेला ठेवलेल्या माइकचा घ्यावा. मधोमधचा हेडफोनवर फार टोचतो.

फीडबॅक मात्र मिळत नाही. स्पीकरच्या हवेने तार थरथरून नोट आपोआप फुलते, ती मजा आवाजाशिवाय येतच नाही. लांब नोटांसाठी मी हलका कंप्रेसर वापरतो, बरा चालतो, पण ती गोष्ट ती नव्हे.

बँडबरोबर वाजवायला जातो तेव्हा लूपमधलं ईक्यू बंद करतो, प्रेझेन्स खाली घेतो आणि ब्राइट स्विच चालू करतो. घरची सेटिंग ढोलताशाएवढ्या ड्रम्ससमोर बोजड आणि टोचरी वाटते, कारण तिथे कान पुन्हा पूर्ण उघडलेला असतो. दोन्ही सेटिंग मी कागदी टेपवर लिहून अ‍ॅम्पच्या मागे चिकटवल्या आहेत.