तिवराच्या मुळाशी केशरी बीळ

उधाणाच्या दिवसांत ओहोटी लांबपर्यंत जाते, म्हणून नमुन्यांसाठी पौर्णिमेनंतरचा दिवस धरला होता. रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत तिवराची श्वासमुळं चुकवत आत शिरलो. गळाला लावायला चिखलातले समुद्री किडे काढणारे एक काका सोबत होते. कुठे खणायचं ते त्यांनीच दाखवलं.

फावड्याने चिखलाचा गठ्ठा उचलून मधोमध कापला. वरचा पातळ थर सोडला तर सगळा काळाकुट्ट, हायड्रोजन सल्फाइडचा तो सडक्या अंड्याचा वास. तिथे प्राणवायू नसतोच. त्या काळ्यात पेन्सिलीएवढं जाड एक बीळ वाकडंतिकडं गेलेलं आणि त्याच्या भिंतीला केशरी लेप. नेरीस कुळातला किडा अंग हलवून बिळात पाणी खेळवतो. त्यातल्या प्राणवायूने चिखलातलं लोह गंजतं. तिवराची बारीक पांढरी मुळं त्या केशरी भिंतीला चिकटून होती.

"किडा तिथं मूळ असतंच, मॅडम," काका म्हणाले.

मुळाला हवा मिळाली, बरंच झालं, असं वाटतं. पण किडा मधेच थांबतो, पुन्हा सुरू करतो. प्राणवायूविना राहिलेल्या पेशींना तो अचानक मिळाला की सुपरऑक्साइडसारखे घातक रेणू तयार होतात. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे विकर (एन्झाइम) त्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. तेही जाळणारंच, म्हणून कॅटलेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरं त्याची विल्हेवाट लावतात. खारफुटीच्या पानांत मीठ आणि उन्हामुळे ही विकरं लागतात, त्यावर भरपूर काम होतं. मुळं मात्र अभ्यासात मागे पडतात, हे मला कायम खटकत आलंय.

मुळं धुवून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकली. संध्याकाळी प्रयोगशाळेत थंड खलात वाटली. खारफुटीतलं टॅनिन विकरांना धरून निकामी करतं, म्हणून वाटतानाच्या द्रावणात (बफरमध्ये) टॅनिनला धरून ठेवणारं पीव्हीपी घातलं होतं. मग ग्वायकॉल हे रसायन आणि पेरॉक्साइड: पेरॉक्सिडेज जितकं जास्त, तितका रंग गडद. बिळालगतच्या मुळांची नळी बघता बघता विटकरी झाली. हातभर लांबच्या मुळांची जेमतेम पिवळसर. रंगाची गडदता मोजणारे ४७० नॅनोमीटरवरचे आकडेही तेच सांगत होते. दर मिलिग्रॅम प्रथिनामागे हिशेब केला, तरी फरक टिकला. तेव्हा मी खुर्चीतून उठलेच!

एका खड्ड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. भांगाच्या, म्हणजे पाणी कमी उतरतं त्या दिवसांतल्या, ओहोटीलाही हे करून बघायचंय. शिवाय किडे उपसून नेलेल्या जागा काकांना नेमक्या ठाऊक आहेत. पुढचा खड्डा तिथे खणणार आहोत.