संक्रांतीचं वाण, वालाचा वाण

भोगीला चार दिवस

बियाण्याला राखायच्या वालाच्या वेलांना लाल चिंध्या बांधून झाल्या. हे काम भोगीच्या आधीच उरकावं लागतं. भोगीच्या भाजीला पहिल्या बहराच्या भरदार शेंगा खुडल्या जातात आणि बियाण्याला उरतात त्या शेंड्याकडच्या, दोन-दोन दाण्यांच्या. चार-पाच वर्षं असंच चाललं की ‘वाण उतरला’ म्हणून सगळे हळहळतात. चांगला होता तो दरवर्षी भाकरीबरोबर गेला, एवढंच झालेलं असतं.

चिंधी बांधताना आधी वेल बघायचा, शेंग नंतर. पानं पिवळी-चट्टेरी असलेला वेल सोडायचा. शेंगांवर काळे खोलगट डाग असतील तर तोही सोडायचा, कारण करपा बियाण्यातूनच पुढच्या साली येतो. पांढऱ्या फुलांच्या वाणात मध्येच एखादा जांभळ्या फुलांचा वेल दिसला तर तो भाजीला. वाल बहुतेक आपल्या आपणच फळतो, पण काळे भुंगे या कुंपणावरून त्या कुंपणावर जातात आणि थोडी सरमिसळ होतेच. एकाच जोरकस वेलाचं सगळं बी धरायचा मोह आवरायचा. निदान बारा-पंधरा वेल, प्रत्येकाच्या आठ-दहा शेंगा. एकाच वेलावर भिस्त ठेवली तर वाणाचा चिवटपणा जातो.

ढगाळ हवेनं शेंड्यांना मावा आलाय. औषध मारायचं नाही, मावा खाणारे ढालकिडे आलेत. फार झालेले शेंडे खुडून टाकले की पुरे.

भोगी

नवं बी वाळायला रथसप्तमी उजाडते. त्यामुळे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटायचं ते बी गेल्या सालचं, आणि ते उगवतं का हे पाहिल्याशिवाय पुडी बांधायची नाही. पन्नास बिया मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडायच्या, गोणपाट गुंडाळून चुलीजवळ ठेवायचा. थंडीत ओसरीवर ठेवला तर आठवडा जातो आणि बी फुकट बदनाम होतं. गोणपाट ओलसर हवा, गळता नको. पाण्यात बसलेल्या बिया कुजतात. सातव्या दिवशी मोजणी: चाळीसच्या वर उगवल्या तर बिनधास्त वाटायचं. तीस ते चाळीस असतील तर पुडीवर ‘आळ्यात चार बिया’ असं लिहायचं. तिसाच्या खाली गेलं तर ते बी आमटीला.

संक्रांतीनंतरचा रविवार

पुड्या बांधल्या. पुडीत वीस बिया, म्हणजे आळ्यात तीन प्रमाणे सहा-सात आळी. घरच्या कुंपणाला तेवढी पुरतात आणि त्यातूनच पुढचं बीही निघतं. कागद जुन्या वहीचा. प्लॅस्टिकमध्ये बी थोडं जरी दमट राहिलं तरी घाम धरतं. पुडीवर तीन गोष्टी: वाणाचं गावठी नाव, कुठल्या वाडीचं, कुठल्या महिन्यात धरलं. ‘वाल’ एवढंच लिहिलं तर लिहिलं-न लिहिलं सारखंच.

‘बी वाटलं तर कायद्यात बसतं का?’ हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. बसतं. २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानं शेतकऱ्याला आपलं बी राखायला, पेरायला, अदलाबदल करायला, विकायलाही मुभा आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं मात्र विकता येत नाही. संकरित पाकिटातल्या पिकाचं बी धरण्यात अर्थ नाही. पुढच्या पिढीत प्रत्येक झाड वेगळ्या वाटेनं जातं.

हळदीकुंकवाबद्दल एक. कपाळाला कुंकू ज्यांना लावत नाहीत, त्यांना पुडी पोचलीच पाहिजे. अर्धं जुनं बी अशाच म्हाताऱ्यांच्या गाडग्यातून आलेलं असतं आणि त्यांनाच आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो.

रथसप्तमी

चिंध्यांच्या वेलांवरच्या शेंगा खडखडू लागल्या. सकाळचं दव सुकल्यावर तोडणी, नाहीतर शेंगेच्या पोटात बुरशी धरते. वाळवण गोणपाटावर, सकाळच्या उन्हात. दुपारच्या तापल्या पत्र्यावर अजिबात नाही, तिथं बी भाजतं. चार-पाच उन्हं झाली की दाताखाली धरून बघायचं: दाताचा वण उमटला तर अजून ओल आहे, कटकन फुटलं तर झालं. उन्हातलं बी लगेच भरायचं नाही, रात्रभर सुपात निवू द्यायचं. गरम भरलेलं मडक्यात घामेजतं.

कडधान्य पोखरणारा भुंगेरा बहुतेक वेळा शेतातूनच घरात येतो. मादी शेंगेवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि स्वच्छ दिसणाऱ्या बियांतून महिन्याभरानं गोल भोकं पाडून भुंगेरे बाहेर पडतात. म्हणून राख. मूठभर राख चोळून काही होत नाही, सगळ्यांचं चुकतं ते इथंच. चार मापं वालाला तीन मापं राख हवी: गोवरीची, गार, चाळलेली. दाण्यादाण्यामधली फट बुजली की भुंगेऱ्याला हलता येत नाही. मडकं काठोकाठ भरायचं, वर दोन बोटं राखेचा थर, तोंडाला कापड आणि शेणमातीचा लेप. अर्धवट मडकं म्हणजे किड्याला मोकळी खोली.

दुधी-दोडक्याला हा खटाटोप लागत नाही. फळ वेलावरच वाळू द्यावं, आढ्याला टांगावं, पेरणीच्या दिवशी फोडावं.

माघ, वही

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे गावठी बियाणं राखण्यासाठी ओळखल्या जातात. २०१८ साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० ची पद्मश्री मिळाली, आणि लोक त्यांच्या मडक्यांचे फोटो काढू लागले. मडकी दिसतात चांगली. पण बियाणं टिकतं ते बाहेर फिरल्यानं. एका घरातल्या मडक्याला उंदीर लागला की वाण संपला, पाच घरांत असेल तर चारांकडे उरतो. म्हणून बियाणं नेणाऱ्यानं हंगामानंतर दुप्पट परत द्यायचं, एक वाटी नेली तर दोन.

परत येणारं बी आधी वेगळं ठेवायचं. ते निवडून, वाळवून, गोणपाटात उगवून पाहिल्यावरच मुख्य मडक्यात. एकदा किडकं बी मिसळलं की सगळं मडकं उन्हात पसरावं लागतं.

वहीत प्रत्येक वाणापुढे ज्या घरी तो आहे त्या घरांची नावं. ज्याच्यापुढे एकच नाव आहे त्याला लाल खूण. खुणेच्या वाणांच्या पुड्या मृगाच्या आधी आणखी दोन-दोन घरी, निदान एक नदीपलीकडे.