आय कुठं लावायचा?

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतल्या एका ऑफिसची पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्क्रिप्ट मी सांभाळते. गेटवरच्या नोंदींतून गाड्यांचे नंबर उचलायचे: पुण्याचे एमएच १२, पिंपरी-चिंचवडचे १४, बारामतीचे ४२. लिहिणारा कधी कॅपिटल लिहितो, कधी स्मॉल. नंबराचा पॅटर्न, म्हणजे काय शोधायचं त्याचा साचा, मी क्यूआरनं (पर्लच्या पॅटर्न बनवणाऱ्या ऑपरेटरनं) एकदाच बनवून ठेवलाय आणि तोच पुढं मोठ्या पॅटर्नमध्ये घालते.

टीममधल्या एकानं तसाच आपला पॅटर्न बनवला आणि विचारलं, "ताई, मॅच करताना आय लावलाय, तरी स्मॉलमधले नंबर का सुटतात?" (आय म्हणजे कॅपिटल-स्मॉल एकच धरायला लावणारा मॉडिफायर, पॅटर्नला जोडायचं एका अक्षराचं सेटिंग.)

मी त्याला तो पॅटर्न नुसता प्रिंट करायला लावला. कंसात प्रश्नचिन्ह, मग कॅरेट (^), मग कोलन, आणि पुढं त्यानं लिहिलेलं. सगळं उत्तर त्या कॅरेटमध्ये आहे. त्याचा अर्थ, इथून आत मूळ सेटिंग, बाहेर काय लावलंय ते बघायचं नाही. आय हवा तर क्यूआर लिहितानाच लावायचा. मग कॅरेटशेजारी आय दिसतो. (२०११ च्या ५.१४ च्या आधी कॅरेटऐवजी बंद मॉडिफायरची अख्खी यादी छापली जायची. नवा मॉडिफायर आला की ती छापील ओळ बदलायची आणि तिच्यावर विसंबलेल्या टेस्ट फुटायच्या.)

मला हा नियम मनापासून पटतो. आमच्या एका ग्राहकाच्या पावती क्रमांकात कॅपिटल बी आणि स्मॉल बी वेगळे आहेत. गाडीचा नंबर आणि पावती एकाच ओळीत शोधताना गाडीचा आय पावतीत शिरला, तर एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर चढेल. तुकडा बनवणाऱ्यालाच त्याची गरज माहीत असते, वापरणाऱ्याला नाही. एक्स या मॉडिफायरचंही तसंच (तो लावला की पॅटर्नमधल्या स्पेस धरल्या जात नाहीत): ज्या तुकड्यात टिपणं लिहायचीत, तिथंच तो लावा, शेजारच्या तुकड्यातली स्पेस शाबूत राहते.

सगळे मॅच शोधायला लावणारा जी मात्र क्यूआरला चालतच नाही, पर्ल तिथंच एरर देतं. सगळे मॅच शोधायचे की पहिलाच, हे शोधतानाच ठरतं. पॅटर्नचा त्याच्याशी संबंध नाही.

पायथनवाल्यांनी जास्त सांभाळा. कंपाइल केलेला पॅटर्न आरई डॉट सर्चला फ्लॅगसकट (मॉडिफायरला तिथं फ्लॅग म्हणतात) दिला तर निदान व्हॅल्यूएरर येतो. पण पॅटर्नच्याच सर्चला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून आय दिला, तर पायथन ते शोध सुरू करायचं स्थान समजतं. आयची किंमत २. म्हणजे ओळीच्या सुरुवातीचं एमएच ओलांडूनच शोध सुरू होतो, आणि एररही येत नाही.