तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रा चकाकतोय, मग रंग का देत नाही?

"गाडयेक रंग कधी काढतलंस?" (गाडीला रंग कधी देणार?) आमच्या वाडीत हा प्रश्न येता-जाता कानावर पडतो. मुंबईहून सुटीला आलेली मंडळी तोच जरा वेगळ्या शब्दांत विचारतात: "पत्रा तर चकचकीत घासून झालाय, आता रंगाची गन फिरवायची तेवढी राहिली ना?" काही जण अगदी आपुलकीने सुचवतात, की गॅरेजला टाकली असतीस तर पंधरवड्यात दारात उभी राहिली असती.

थोडक्यात उत्तर असं: पत्र्यावर मीठ आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण आहे. ते गेल्याची खात्री पटत नाही तोवर मी रंगाचा डबा उघडणार नाही. आता सविस्तर सांगतो.

गाडी काकांची, प्रीमियर पद्मिनी. मुळात इटलीची फियाट 1100, ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनू लागली आणि पुढे पद्मिनी झाली. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. आमची खासगी, फिकट निळी. दर गणपतीला काका ती सतरा नंबरच्या हायवेने गावी आणायचे. आता त्या हायवेला सहासष्ट म्हणतात. पुढे काका कायमचे गावी आले आणि गाडी मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या शेडमध्ये, उभी राहिली. मांगर आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त सुरूचं बन.

मधल्या काळात एका गॅरेजमधून तिला रंग देऊन आणला होता. वरून गाडी सुरेख दिसायची. पण फार पावसाळे जायच्या आत दारांच्या खालच्या कडांना आणि पुढच्या मडगार्डला दिव्याखाली फोड आले. मी ते खरवडले तेव्हा आत पाणी होतं. रंगाखाली लांबी (खड्डे भरायचा लेप), लांबीखाली न घासलेला गंज, आणि त्या गंजात पाणी. ते बघितलं त्या दिवशी ठरलं, की या वेळी पत्र्यापर्यंतचं सगळं काम घरीच करायचं.

रंग अखंड असताना फोडात पाणी येतं कुठून? रंगाचा थर आपल्याला बंद वाटतो, पण पाण्याची वाफ त्यातून अगदी हळू का होईना, आत जात असते. आत काही नसेल तर ती तशीच परत येते. आत मिठाचा कण असला की तो ती वाफ धरून ठेवतो आणि विरघळतो. मग रंगाच्या आत घट्ट खारं पाणी आणि बाहेर पावसाचं गोडं पाणी, अशी स्थिती होते. अशा वेळी गोडं पाणी आत ओढलं जातं. शाळेत शिकलेलं परासरण ते हेच. दाब वाढतो, रंग उचलला जातो, आणि त्या खाऱ्या पाण्यात लोखंड निवांत गंजत राहतं.

नुसतं सोडियम क्लोराइड असतं तरी एक वेळ चाललं असतं. ते हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की पाणी धरतं. पण समुद्राच्या तुषारांत मॅग्नेशिअम क्लोराइडही असतं आणि त्याला 33 टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. किनाऱ्यावर हवा त्याहून कोरडी होते ती क्वचितच. पावसाळ्यात जाड्या मिठाच्या बरणीला जसं पाणी सुटतं, तसं त्या पत्र्यावर जवळजवळ बारा महिने चालू असतं. गाड्या दुरुस्त करायच्या बहुतेक सूचना कोरड्या हवेतल्या माणसांनी लिहिलेल्या असतात, म्हणून त्यांत ही गोष्ट येतच नाही.

"मग थिनरने पूस की!" असं लगेच कुणीतरी म्हणतं. थिनर तेल काढतो, जुनं मेण काढतो, पॉलिशमधलं सिलिकॉन काढतो, आणि तो लागतोच. पण मीठ थिनरमध्ये विरघळत नाही. फडक्याने ते इकडचं तिकडे होतं, एवढंच. मीठ जातं ते पाण्याने.

उघड्या पत्र्यावर पाणी ओतताना बघून आमच्याकडे येणाऱ्यांचा जीव खालीवर होतो, पण दुसरा मार्ग नाही. आधी थिनरने तेलकटपणा काढायचा, कारण तेलाखालच्या मिठापर्यंत पाणी पोचत नाही. मग गरम पाणी आणि थोडी साबणाची पावडर घेऊन नायलॉनच्या ब्रशने चोळायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं आणि ब्लोअरने सांध्यांतलं पाणी उडवायचं. पाणी कुठलं हेही महत्त्वाचं. खाडीकडच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे धुतल्यासारखं करून पुन्हा मीठच लावणं. मी वरच्या अंगाच्या विहिरीचं पाणी आणतो आणि शेवटचा हात बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरचा.

मीठ गेलं की नाही, हे तपासता येतं आणि तपासायला हवंच. वाडीतल्या आमच्या निवृत्त सरांनी ही युक्ती दिली. स्वच्छ कापूस डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पत्र्याच्या एका भागावर दाबायचा, काचेच्या नळीत पिळायचा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. क्लोराइड असेल तर पाणी दुधाळ होतं. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची नळी शेजारी ठेवायची, म्हणजे फरक कळतो. साधं पाणी इथे चालत नाही, त्यात स्वतःचंच क्लोराइड असतं. ही चाचणी मीठ नेमकं किती आहे ते सांगत नाही, आहे की नाही तेवढं सांगते. मला तेवढं पुरतं. नळी दुधाळ झाली की तो भाग पुन्हा धुवायचा.

सगळ्यात चिवट जागा म्हणजे गंजाने पडलेले बारीक खड्डे. ग्राइंडरला वायरचा कप ब्रश लावला की पत्रा लखलखतो आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. पण तो ब्रश खड्ड्यांच्या कडा घासतो आणि तळातला काळपट गंज तसाच राहतो. मीठ नेमकं तिथेच बसलेलं असतं. रस्त्यावरून तुम्हाला जो चकचकीत पत्रा दिसतो, त्यातला कितीतरी भाग या कामासाठी थांबलेला असतो. तिथे फॉस्फरिक आम्ल ब्रशने लावतो, मुरू देतो, सुकायच्या आत घासून धुतो. उरलेलं आम्ल पुढच्या थराला नडतं, म्हणून तेही नीट धुऊन काढावं लागतं.

ब्लास्टिंग, म्हणजे वाळूसारखे कण जोरात मारून गंज उडवणं, करून घ्यावं का, असंही विचारतात. गाडीचा पत्रा मिलिमीटरहून पातळ असतो. बॉनेट, छत, दारं असे सपाट भाग ब्लास्टिंगने लाटांसारखे वाकतात आणि मग कुठल्याच लांबीने सरळ होत नाहीत. चाकांच्या रिम आणि खालचे जाड भाग करायला हरकत नाही. पण एकाने "किनाऱ्यावरची वाळू फुकट आहे" असं सुचवलं, त्यावर मात्र मी हात जोडून सांगतो, कृपा करून हे करू नका. त्या वाळूत मीठ असतं, ते पत्र्यात ठोकून बसवल्यासारखं होईल. शिवाय त्या धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात.

दाराखालच्या सिल, म्हणजे बॉडीच्या लांबट पोकळ पट्ट्या, सडल्या होत्या. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा, त्यामुळे सिल ही नुसती दिसायची वस्तू नव्हे. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या टाकून बॉडी बांधून घ्यावी लागते, नाहीतर ती खचते आणि दारं बसत नाहीत. हे वेल्डिंग बंदरावर बोटींची कामं करणाऱ्या माणसाने केलं. गंजलेल्या पत्र्यात निरोगी लोखंड कुठून सुरू होतं हे त्याला हातोडीच्या आवाजावरून कळतं.

आता वेळेचा मुद्दा. उघडा पत्रा आमच्याकडे एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून अख्खी गाडी एकदम खरवडत नाही. एक दार, एक मडगार्ड, जेवढं त्याच दिवशी धुऊन, सुकवून, प्रायमरखाली झाकता येईल तेवढंच घेतो. प्रायमरही इपॉक्सी, दोन भाग मिसळायचा. साधा एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) प्रायमर किंवा रेड ऑक्साइड सच्छिद्र असतो, ओल आत जाऊ देतो. इपॉक्सी ती बऱ्यापैकी अडवतो.

पण तो मारायचा कधी? धातूवर लेप देणाऱ्यांचा जगभरचा नियम आहे: आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत हवी आणि धातू दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान 3 अंश गरम हवा. हवेत 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू 26 च्या थोडा वर येतो. म्हणजे पत्रा निदान 29 पार हवा. चिऱ्याच्या मांगरात रात्रभर गार झालेला पत्रा सकाळी हवेपेक्षाही थंड असतो. त्यावर न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो आणि प्रायमर पत्र्याला न चिकटता त्या पाण्याला चिकटतो.

म्हणून पावसाळ्यात हे काम बंद. दिवाळीनंतर थंडी धरली की सुरू करतो, आणि घड्याळाइतकंच वाऱ्याकडे बघतो. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जात असतो. त्यात मीठ नसतं, पण दव असतं. ऊन वर आलं की दव उडतं, पत्रा तापतो. दुपार होता होता वारा फिरतो आणि खारा वारा सुरूच्या बनातून थेट मांगरात येतो, ओल आणि मीठ घेऊन. या दोन्हींच्या मधला वेळ माझा. साधारण दहा ते एक. होडी घेऊन जाणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण मुंबईच्या पाहुण्यांना दुपारी तीनला मी हातावर हात ठेवून बसलेला दिसतो तो यामुळे.

त्या वेळेतही हातमोजे घालूनच पत्र्याला हात लावायचा. घामात मीठ असतं, बोटांना खोबरेल असतं. खळं (अंगण) सारवलेलं असलं तर तांबडी धूळ उडत नाही, हाही आमच्या जुन्या घरांचा एक मोठा उपयोग.

लांबी मी इपॉक्सीच्या वर भरतो, उघड्या पत्र्यावर नाही. लांबीतली भुकटी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासायची. वॉटर पेपर आणि मगभर पाणी ही गॅरेजमधली सवय इथे घातक आहे. तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर लागत असेल तर पत्रा आधी ठोकून वर आणावा. घासायचं लांब लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून, 80 नंबरच्या पेपरपासून 180 पर्यंत, तिरक्या दिशांनी. बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी खोलगट पट्टे पडतात आणि ते रंग चढल्यावरच दिसतात. वर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासलं की खोल जागी काळं उरतं. डोळ्यांपेक्षा तळवा जास्त खरं सांगतो, त्यातही सुती मोजा घालून फिरवलेला. हे काम मला मनापासून आवडतं. काकांनी दार लावायला जिथे हात टेकवला असेल तिथली ती गोलाई पुन्हा हाताखाली येते. त्याला घाई करावीशी वाटत नाही.

जुना रंग घासताना चांगला मास्क लावाच. त्या काळच्या रंगांत शिसं असायची शक्यता मोठी. घासलेली पूड झाडून विहिरीकडे ढकलू नका.

त्यानंतर सर्फेसर (रंगाआधी पृष्ठभाग गुळगुळीत करणारा थर), तो 400 आणि 600 च्या पेपरने घासणं, आणि मग रंग. गन चालवायच्या आधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढावं लागतं. आमच्या हवेत ते भरपूर निघतं, नळीवर ओल अडवणारा फिल्टर नसेल तर ते थेंब रंगातून पत्र्यावर जातात. वरचा पी.यू. (पॉलियुरेथेन) रंग मात्र मी घरी मारणार नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांनी दमा जडू शकतो, आणि साध्या मास्कवर मी त्यांच्यापुढे उभा राहणार नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ जिथे आहे तिथेच गाडी नेणार. रंग तोच, फिकट निळा, आर.सी. बुकातही तोच आहे.

गंज रोखायला सिलच्या आत मेणाचं तेल भरायचं आहे, तेही रंगानंतर. आधी भरलं तर ते सांध्यांतून पाझरतं आणि रंगात खड्डे पडतात. सध्या डावीकडची दारं आणि डिकी इपॉक्सीखाली आहेत, उजवं पुढचं मडगार्ड धुण्यात आहे, आणि त्याच्या दिव्याखालची नळी अजून दुधाळ येतेय. ती स्वच्छ आली की पुढचं. होळीच्या आत गाडी बूथला जावी असा बेत आहे. नाही जमलं तर पावसाळाभर ती इपॉक्सीखाली मांगरात थांबेल आणि दिवाळीनंतर जाईल.